सहा की नऊ? (बोयाच्या दिव्याने मला दोनदा नापास केलं)

होडी चालवण्याच्या परवान्याची तोंडी परीक्षा अखेर तिसऱ्या खेपेला सुटली. लेखी पेपर, गाठी, वाटेचे नियम पहिल्या फटक्यात झाले होते. अडलो ते बोयांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणांच्या, दिव्यांपाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

अंधाऱ्या खोलीत एक खोकं, त्यात एक दिवा. तो उघडझाप करतो, आपण दिवा ओळखायचा आणि होडी कुठल्या बाजूने न्यायची ते सांगायचं. पहिल्या वेळी मी आवर्तन, म्हणजे चमकांचा एक फेरा किती सेकंदांचा ते, मोजण्यातच आपटलो. दिवा विझला की स्टॉपवॉच दाबायचो आणि परत लागला की थांबवायचो, म्हणजे मोजत होतो नुसता काळोख. मोजायचं असतं एका गटाच्या पहिल्या चमकेपासून पुढच्या गटाच्या पहिल्या चमकेपर्यंत.

दुसऱ्या वेळी कार्डिनल बोया, म्हणजे धोक्याच्या कुठल्या दिशेला सुरक्षित पाणी आहे ते सांगणारा. शिकवताना घड्याळाची युक्ती सांगतात: तीन वाजता पूर्व, सहाला दक्षिण, नऊला पश्चिम, म्हणून तितक्या चमका. उत्तरेचा दिवा न थांबता चमकतच राहतो. कागदावर छान वाटतं. पण खोक्यातला दिवा होता ‘व्हेरी क्विक’, मिनिटाला १२० चमका. म्हणजे नऊ चमका साडेचार सेकंदांत संपतात! ‘चार’ म्हणेपर्यंत डोळ्यांपुढे पाचवी आलेली. बोटांनी टेबलावर ठोके धरून पाहिले, बोटंही मागे पडली. मग वाटलं, चमका जाऊ देत, आवर्तनावरून ओळखू. तर या वेगात दक्षिण १० सेकंद, पश्चिमही १० सेकंद. साध्या ‘क्विक’मध्ये दोन्ही १५. पूर्वेचं तेवढं वेगळं, ५ आणि १०. मी ‘पश्चिम’ म्हणालो. परीक्षकांनी मान हलवली, शेरा लिहिला. चूक कुठे झाली ते सांगायची तसदी घेतली नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं. दक्षिणेच्या सहा चमकांनंतर एक लांब चमक असते, कमीत कमी २ सेकंदांची. ती मी शोभेची समजून पाठ केली होती. ती लावलीच आहे मुळी सहाची तीनशी किंवा नऊशी गल्लत होऊ नये म्हणून. घड्याळाची युक्ती रंगवून सांगणाऱ्यांनी हे एक वाक्य सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. मोजूच नका, शेपटी बघा. शेपटी दिसली की दक्षिण, होडी बोयाच्या दक्षिणेकडून काढा.

तिसऱ्या वेळी तेच खोकं, तोच दिवा. एक आवर्तन होताच मी ‘दक्षिण’ म्हणालो. ‘इतक्या लवकर?’ परीक्षक म्हणाले. मी दुसरं आवर्तन पूर्ण होऊ दिलं आणि परत ‘दक्षिण’ म्हणालो. जरा मिजासच होती ती, कबूल.

हो, आणि उजेड-काळोख सारखा म्हणजे आयसोफेज, उजेड जास्त म्हणजे ऑकल्टिंग, काळोख जास्त म्हणजे फ्लॅशिंग. हे आधी लिहायला हवं होतं. निळा-पिवळा आलटून पालटून दिसला तर तो नुकत्याच बुडालेल्या जहाजावरचा तातडीचा बोया. निळा एक सेकंद, पिवळा एक सेकंद, मध्ये अर्धा सेकंद काळोख. हा मला तिन्ही वेळा विचारला आणि तिन्ही वेळा बरोबर आला, पण त्याचं कुणी कौतुक केलं नाही.