त्रेपन्न गाणी, सालांची सरमिसळ

यंदा परभणीत मृग कोरडा गेला. त्या उकाड्यात रात्री गच्चीवर बसून मी अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘बायोग्राफ’ हा संच पुन्हा पहिल्यापासून ऐकला. तीन सीडींचा हा संच माझ्या थोरल्या भावाने पुण्याहून आणला होता. १९८५ साली तो निघाला तेव्हा पाच एलपींच्या रूपातही मिळत असे. १९६२ ते १९८१ या काळातली ५३ गाणी त्यात आहेत आणि त्यांतली १८ तोपर्यंत कधीच प्रसिद्ध झालेली नव्हती.

कारकिर्दीचा संच म्हटला की सालवार मांडणी असणार, असे आपण धरून चालतो. येथे मात्र सुरुवात १९६९ च्या ‘ले लेडी ले’ने होते, दुसरे गाणे थेट १९६२ च्या पहिल्या अल्बममधले आणि तिसरे १९७० चे. पहिल्यांदा ऐकताना मला हे फार खटकले होते. आज मला हीच मांडणी या संचाची खरी ताकद वाटते, कारण साल बाजूला सारले की गाणे ‘कोणत्या टप्प्यातले’ हा प्रश्न मागे पडतो आणि आपण फक्त आवाज व शब्द ऐकू लागतो. १९६५ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि लोकसंगीताचे चाहते नाराज झाले, ही हकिकत असंख्य वेळा सांगितली गेली आहे. परंतु ‘मिक्स्ड-अप कन्फ्यूजन’ हे १९६२ सालीच वाद्यवृंदासह गायलेले, धावते रॉक अँड रोल गाणे येथे ऐकले की तो बदल एका दिवसात झाला नव्हता, हे कानालाच कळते.

मी सर्वांत जास्त वेळ थांबतो ते ‘पर्सीज साँग’पाशी. १९६३ साली ध्वनिमुद्रित होऊनही ते तिसऱ्या अल्बममधून वगळले गेले. मोटार अपघातातल्या मृत्यूंबद्दल मित्राला नव्व्याण्णव वर्षांची शिक्षा झाली आहे. गाणारा न्यायाधीशाकडे जाऊन रदबदली करतो, नकार ऐकतो आणि परत येऊन रात्रभर गिटार वाजवत बसतो. गोष्ट एवढीच, पण जवळजवळ आठ मिनिटे प्रत्येक ओळीमागून पाऊस आणि वाऱ्याचे तेच पालुपद येत राहते. कीर्तनात टाळकरी पालुपद उचलतात तेव्हा शब्द तेच असूनही दर वेळी त्यांचे वजन वेगळे लागते. येथे एकटा गायक तेच साधतो. सुरुवातीला ते पालुपद नुसता ताल धरते, न्यायाधीशाच्या नकारानंतर मात्र तेच विलाप होते, आणि त्यासाठी डिलन आवाज जराही चढवत नाही. पावसाची वाट पाहत असलेल्या गावात ते ऐकताना मला दुसरे काही सुचेना.

सोबतच्या पुस्तिकेचा मजकूर पत्रकार कॅमेरॉन क्रो यांचा असून तीत डिलन स्वतः गाण्यांविषयी बोलला आहे. गाणी ऐकून झाल्यावरच ती वाचावी, असे माझे मत आहे. एक उणीव मात्र जाणवते. ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ हे १९८३ साली ध्वनिमुद्रित झालेले अप्रतिम गाणे या संचात नाही, त्यासाठी श्रोत्यांना १९९१ पर्यंत थांबावे लागले.

हा संच ऐकताना वामनदादा कर्डकांची आठवण दर वेळी येते. स्वतः रचणारा आणि स्वतः गाणारा हा कवी भीमजयंतीला मराठवाड्यात गावोगावी आजही ऐकू येतो, बहुधा दुसऱ्यांच्या आवाजात. त्यांच्या स्वतःच्या आवाजातली, वेगवेगळ्या वयांतली गाणी अशीच एकत्र, प्रत्येक गाण्याच्या टिपणासह हाती यावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

संचाचा शेवट ‘फॉरएव्हर यंग’च्या १९७३ मधल्या कच्च्या ध्वनिमुद्रणाने होतो. आपल्या एका मुलाला मनात धरून हे गाणे लिहिले, असे डिलनने सांगितले आहे. १९७४ च्या ‘प्लॅनेट वेव्हज’ अल्बमवर ते दोनदा येते, एकदा संथ आणि एकदा जलद. येथे मात्र एकटी गिटार आहे आणि कोणत्या लयीत गायचे, हे अजून ठरायचे आहे.