सायकलने वजन उतरवताना: सीटपोस्टपायी गेलेले पाच आठवडे

वजन कमी करायला सायकल घेतली की लोक आहाराचं विचारतात. माझं घोडं अडलं ते सीटच्या उंचीपाशी, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्या सीटपोस्टपाशी. बाकी सगळं सरळ होतं: आठवड्यातून चार दिवस, पहाटे, नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे जाऊन परत, 25 किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही गुडघे वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागले.

दुकानात सायकल देताना एकच प्रश्न विचारला होता, "दोन्ही पाय टेकतात ना?" सीट लावायची ही पद्धत साफ चुकीची आहे. सीटवर बसून तळवे आरामात टेकत असतील तर पॅडल मारताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि दाब वाटीवर येतो. मिनिटाला 70 फेऱ्या धरल्या तरी तासाला 4200 वेळा. ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तिथे पायाचं माप न घेता सायकल विकली जावी, याचा राग मला अजून येतो.

माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत वर घट्ट दाबा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा आणि आकडा 0.883 ने गुणा. माझं माप 84 सेंटीमीटर, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून (पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून) सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 74 हवेत. पडताळा असा: पॅडल अगदी खाली, त्यावर टाच, पाय सरळ. चवडा पॅडलवर घेतला की गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. कंबर डावी-उजवी डुलत असेल किंवा गुडघ्यामागे ओढ बसत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे.

74 पर्यंत सीट नेली तर पोस्टवरची किमान खोलीची खूण (निदान तिथपर्यंत पोस्ट फ्रेमच्या नळीत हवी) बाहेर आली. त्या खुणेच्या वर जाऊ नये. पोस्ट वाकते, फ्रेमची नळी तडकू शकते. मुळात फ्रेमच एक माप लहान दिली होती. बदलून मिळेना, म्हणून 300 ऐवजी 400 मिलिमीटरची पोस्ट मागवली. तीन आठवडे "उद्या येईल" ऐकलं. आली ती 30.9 मिलिमीटर व्यासाची, हवी होती 31.6. जेमतेम पाऊण मिलिमीटरचा फरक, म्हणून मेकॅनिकने मध्ये थंड पेयाच्या डब्याचा पत्रा घालून ती बसवून दिली. दोन किलोमीटरमध्ये सीट बोटभर खाली. पोस्ट धरून ठेवणारा क्लॅम्प आणखी आवळला आणि बोल्टचे आटे गेले. योग्य पोस्ट यायला आणखी दोन आठवडे. व्यास पोस्टच्या खालच्या टोकाजवळ कोरलेला असतो. त्याचा फोटो काढा आणि आगाऊ पैसे देण्याआधी तोच आकडा पावतीवर लिहून घ्या.

नवी पोस्ट बसली आणि दहा दिवसांत गुडघे शांत झाले. तो आनंद वजनकाट्याने दिलेल्या आनंदापेक्षा मोठा होता. उंची मात्र एकदम वाढवू नका, दर दोन-तीन फेरफटक्यांना 5 मिलिमीटर पुरे.

गिअरही महत्त्वाचा. जड गिअरवर रेटल्याने चरबी लवकर जळते हा समज गुडघ्यांच्या मुळावर येतो. हलका गिअर, मिनिटाला 80 फेऱ्या, बोलता येईल इतकाच दम. त्र्यंबकचा रस्ता हळूहळू चढतो, आणि पावसाळ्यात जाताना वारा तोंडावर असतो, तेव्हा तर नक्कीच.

खाण्याचं एकच सांगतो. 85 किलोचा माणूस तासभर मध्यम वेगाने चालवतो तेव्हा 600 च्या आसपास कॅलरी जातात, आणि किलोभर चरबीला सुमारे 7700 लागतात. रविवारी परतताना तर्रीदार मिसळ, दोन जादा पाव आणि वर जिलेबी घेतली की ते 600 परत आलेच. मिसळ सोडू नका, जादा पाव सोडा. वजन रोज सकाळी बघून आठवड्याची सरासरी काढा. अर्धा किलो उतरला तरी उत्तम.

आणि हो, उंची जमली की पोस्टवर क्लॅम्पच्या लगत वरच्या बाजूला चिकटपट्टीचा वेढा द्या. सीट घसरली की पट्टी क्लॅम्पखाली दबते आणि लगेच कळतं. सर्व्हिसिंगला दिलेली सायकल परत घेतानाही आधी तीच पट्टी बघा.