मार्त्सानचा पत्ता

रविवार, रात्री उशिरा

वहिनींकडे फराळाला गेलो होतो. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "अजून मार्त्सानलाच का गं?" मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "बघतोय दुसरीकडे." बघतोय? मला पत्ताच नाही. तो विषय आज नको. पण माझा चेहरा का पडला, ते काही केल्या सुटत नाहीये. वहिनींच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, कीव होती. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

गाडीत वाटत राहिलं, इतकी वर्षं परदेशात काढून हाती काय आलं, तर बर्लिनच्या पूर्व टोकाला, कारखान्यात ओतलेल्या भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारतीतल्या तीन खोल्या. एस-७ लोकल पूर्वेकडे जाते तसा डबा रिकामा होत जातो. आरेन्सफेल्डे, शेवटचं स्टेशन. आणि वहिनींचं घर प्रेन्झलाउअर बर्गमध्ये, शंभर वर्षांहून जुनं. उंच छत, त्यावर नक्षी, लाकडी जमीन. डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आल्यावर खालच्या आजींचं बोलणं आठवलं. त्या त्याच प्रेन्झलाउअर बर्गमधून इथे आल्या, तसल्याच जुन्या इमारतीतून. तेव्हा तिथे संडास जिन्याच्या वळणावर, शेजाऱ्यांबरोबरचा. कोळसा तळघरातून बादल्यांनी वर आणायचा. पहाटे शेगडी पेटेपर्यंत खोली गारठलेली. मार्त्सानचं बांधकाम १९७७ मध्ये सुरू झालं, आमचा उत्तरेचा भाग ऐंशीच्या दशकातला. आजी आल्या तेव्हा दारापुढे नुसता चिखल होता, पण नळ सोडला की गरम पाणी. पहिल्या संध्याकाळी दोन्ही मुलांना टबात बसवलं आणि पाणी निवेपर्यंत बाहेर काढलंच नाही, हे सांगताना त्या अजून खुलतात.

हे मी आईला फोनवर सांगितलं होतं. ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढली, १६० चौरस फुटांत. ती एवढंच म्हणाली, "आणि संडास घरात?"

१९९० पर्यंत प्रत्येकाला घर, असं तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या सरकारचं वचन होतं. १९९० मध्ये तो देशच संपला. कामं गेली, तरुण माणसं निघून गेली, घरं रिकामी पडली. २००३ ते २००५ या काळात इथल्या अकरा मजली इमारतींचे वरचे मजले क्रेनने उतरवले, तीन ते सहा मजले ठेवले. आजी म्हणतात, जशा चढवल्या तशाच एकेक भिंती खाली आणल्या. त्या स्वतः तेव्हाही गेल्या नाहीत.

मग मला कशाची लाज वाटली? परत परत तिथेच येतेय. आज घटकाभर मी माझं घर वहिनींच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते पाहणं अजून पुसलं जात नाही. ह्यांचा रागही आहेच, पण असो.

वहिनींनी विचारल्यावर सांगता आलं असतं की हिवाळ्यात आमच्या सगळ्या खोल्या सारख्या उबदार असतात. की पिल्लू शाळेत एकटं जातं, वाटेत मोठा रस्ता लागत नाही. की कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी काकूंकडे ताजी कोथिंबीर मिळते. त्या पूर्व जर्मनीच्या काळात करारावर कारखान्यात कामाला आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांनाही कुणीतरी विचारलं असेलच, अजून तिथेच का. सगळं आत्ता सुचतंय.

ह्यांनी झोपायच्या आधी श्टेग्लित्समधल्या एका घराचे फोटो दाखवले. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण मला ते नको आहे. भाड्याची सबब पुढे करणार नाही. मला इथे राहायचंय, असंच उद्या सांगेन. चिडले तर चिडोत. बुधवारी आजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, त्याआधी हे बोलून झालेलं बरं.