बाखच्या सी मेजर प्रेल्यूडचा आलेख : काम कुठवर आले

संगीतसिद्धांतकार हाइनरिख शेंकर यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच आलेखांपैकी (रचनेचे मुख्य स्वर राखून बाकीचे गाळणाऱ्या स्वरलेखनांपैकी) एक बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या कीबोर्डसाठीच्या रचनासंग्रहातील पहिल्या प्रेल्यूडचा, म्हणजे छोट्या प्रारंभिक रचनेचा आहे. त्यांनी कोणता स्वर राखला आणि कोणता गाळला, हे पियानोवर वाजवून तपासत आणि स्वतःचा आलेख काढत मी 31 व्या बारपर्यंत (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) आलो आहे. खाली सी म्हणजे सा धरला आहे.

पहिल्या 19 बारचा उलगडा लवकर झाला. बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, सा, नी, ध, प अशा पायऱ्यांनी उतरत खालच्या षड्जावर येतो, वरचा गंधारही एक सप्तक खाली पोहोचतो, आणि वाटेतली जी मेजर या स्वरसप्तकाची भेट मधल्या थरातच, म्हणजे वरवरचे स्वर आणि मूळ सांगाडा यांच्या मधल्या पातळीवरच राहते. म्हणजे एवढ्या वाटचालीनंतरही मूलरेषा (रचनेच्या मुळाशी असलेली ग, रे, सा अशी उतरती स्वररेषा) अजून गंधारावरच उभी असते.

खरा आनंद 21 ते 24 या बारमध्ये आहे. बासमध्ये शुद्ध मध्यम, मग तीव्र मध्यम, त्यानंतर एकदम कोमल धैवत येतो आणि शेवटी पंचम. पंचमाला खालून आणि वरून अर्ध्या स्वराच्या अंतरावर वेढणारे दोन शेजारी आधी ऐकवले जातात, पंचम मात्र राखून ठेवलेला असतो. त्याच वेळी वरचा आवाज गंधारावरून कोमल गंधारामार्गे ऋषभावर येतो, आणि मूलरेषेची दुसरी पायरी पंचमासोबतच पक्की होते.

काही जुन्या आवृत्त्यांत 22 आणि 23 यांच्यामध्ये श्वेंके यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जादा बार आहे, जो याच प्रेल्यूडवर बेतलेल्या, संगीतकार गुनोच्या ‘आवे मारिया’ या गीतातही ऐकू येतो. त्यात बास पंचमावर आधीच पाय ठेवतो. ही भर बासची उडी गुळगुळीत करते खरी, पण पंचमाची प्रतीक्षाच संपवते, म्हणून माझ्या मते तो बार रचनेच्या गाभ्यालाच धक्का लावतो.

24 ते 31 हे आठही बार पंचमावर स्थिर आहेत. तिथे वरचा आवाज मध्यम, तीव्र मध्यम, पंचम असा चढून पुन्हा मध्यमावर उतरतो. ही हालचाल मी आतल्या आवाजाची मानून ऋषभाच्या वर, बारीक स्वरचिन्हांनी लिहिली आहे. 32 व्या बारमध्ये बास षड्जावर येतो, पण स्वरसंगतीत कोमल निषाद असल्याने ती अजून स्थिरावत नाही, म्हणून मूलरेषेचा षड्ज मी 35 व्या बारमध्येच लिहिणार आहे. ज्यांनी 32 ते 35 हे चार बार वेगळ्या रीतीने मांडले आहेत, त्यांनी आपला आलेख अवश्य दाखवावा.