रात्रीची सेवा बंद कोणी केली?

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री गेलं की केसपेपर निघायच्या आधीच 'रेफर' ऐकू यायचं. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेलं पोर असो, सगळ्यांना जिल्ह्याला न्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर तरी आमच्यासारख्या कपाशीच्या पट्ट्यात रात्रीच्या डॉक्टरसाठी भांडावं लागू नये.

गावातली निवेदनं बहुतेक जिल्हा परिषदेत जातात आणि तिथंच पडून राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं. ते जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतं. म्हणून मी माहितीचा अधिकार तिकडंच लावला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसरीकडं कामाला पाठवलेलं कोण, आणि रात्रीची सेवा थांबवण्याच्या आदेशाची प्रत.

30 दिवस उलटले तरी उत्तर नाही. 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं, तेव्हा कागद हलले.

असा आदेशच नव्हता! भूलतज्ज्ञाचं पद रिक्त, म्हणून सिझेरियन नाही. एका वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार आमच्या रुग्णालयातून निघत होता आणि काम दुसरीकडं, तेही तोंडी सूचनेवर. राहिलेल्या एकट्या डॉक्टरनं दिवसभर ओपीडी करून रात्रही काढायची. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो या पद्धतीवर. कपात करायची, पण कागदावर सही कोणाचीच ठेवायची नाही. मग मतदारानं जाब विचारावा कोणाला?

हे कागद ग्रामसभेत वाचून दाखवले, ठराव घेतला. शेजारच्या गावांनीही घेतले. सगळे मिळून आमदारांकडं गेलो. "पालकमंत्र्यांशी बोलतो," ते म्हणाले. आमच्यातल्या एका आजींनी तिथंच सांगितलं, "बोलनं लय झालं जी. आता लिहून द्या." त्यांची सून रस्त्यातच बाळंत झाली होती. खोलीत कोणी पुढं बोललं नाही. आमदारांनी आमच्यासमोर आरोग्य विभागाला पत्र लिहिलं आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायचं कबूल केलं. हे अधिवेशन 1953 च्या नागपूर करारामुळं विदर्भात होतं; इथले प्रश्न तिथं नाही मांडायचे तर कुठं? निवेदनाला सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकालही जोडला. पश्चिम बंगालच्या त्या प्रकरणात न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार वेळेत न मिळणं हा कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

दुसरीकडं पाठवलेला तो वैद्यकीय अधिकारी अधिवेशनाच्या आधीच परत आला. आता रात्री सलाईन लागतं, सर्पदंशावरचं इंजेक्शन मिळतं. भूलतज्ज्ञ अजून नाही, बाळंतिणी अजून जिल्ह्यालाच जातात. त्या पदाबद्दल माहिती अधिकाराचा नवा अर्ज दिलाय. पद कधीपासून रिक्त आहे आणि ते भरण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीनं वर गेला, एवढंच त्यात विचारलंय.