तुम्ही विचारलंत म्हणून: काळा रंग असताना नॅनोकण कशाला?

"पेटीच्या तळाला काळा रंग मारला तरी पाणी तापतंच की. मग हे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, कशाला?" मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ झाल्या आणि खाऱ्या पाण्याची उन्हावर वाफ करून गोडं पाणी गोळा करायच्या काचेच्या पेटीचा विषय निघाला, की हा प्रश्न ठरलेला. दरवेळी घाईत उत्तर दिलं जातं आणि विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

रंगानं पाणी तापतं, मान्य. काजळी तर जवळजवळ सगळं ऊन शोषते आणि फुकट मिळते. कण तिच्याहून जास्त काळे म्हणून चांगले, असं मी पूर्वी सांगत असे. ते चूक होतं. खरा मुद्दा उष्णता कुठे निघते हा आहे. तळाच्या रंगात निघालेली उष्णता बरीचशी पत्र्यातून खाली जाते, उरलेली सगळं पाणी कोमट करण्यात खर्च होते. वाफ मात्र फक्त वरच्या थरातून निघते. कण पाण्यात तरंगते राहिले, तर उष्णता तळाऐवजी त्या वरच्या थरातच निघते.

मी कॉपर ऑक्साइड वापरतो. हा अर्धवाहक आहे. त्याची ऊर्जाफट, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनला सुटं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, १.२ ते १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे इतक्या सूक्ष्म ऊर्जेचं एकक). हिरव्या प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, सुमारे २.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. इलेक्ट्रॉन फटीपलीकडे उडी मारतो आणि वरची जादा ऊर्जा पिकोसेकंदांत, म्हणजे क्षणाच्याही फार छोट्या भागात, स्फटिकाच्या कंपनांना देऊन टाकतो. ती कंपनं म्हणजेच उष्णता. मग इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत परत पडतो तेव्हा फटीएवढी ऊर्जाही, पृष्ठभागावरच्या दोषांतून, उष्णताच होते. सोलर पॅनेलही अर्धवाहकाचं, पण तिथे जोड आणि तारा इलेक्ट्रॉनला परत पडण्याआधीच बाहेर ओढतात. सुट्या कणाला तारा नाहीत. आणि कण लहानच हवा, कारण आकार घटला की प्रकाश विखुरणं शोषणापेक्षा फार वेगानं कमी होतं. टायटॅनियम डायऑक्साइड इथे चालत नाही: त्याची फट ३.२, तो फक्त अतिनील शोषतो, म्हणून तर पांढरा दिसतो.

कृती अवघड नाही. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणात घालतात तो मोरचूद (कॉपर सल्फेट), पण शुद्ध प्रतीचा, २५ ग्रॅम एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचा. हातमोजे आणि चष्मा घालून त्यात ९ ते १० ग्रॅम कॉस्टिक सोड्याचं द्रावण ढवळत सोडायचं. निळा साका बसतो. तो ८०-९० अंशांवर तापवला की काळा होतो. सोडा कमी पडला तर हिरवट क्षार तसाच राहतो आणि त्या तापमानाला कितीही वेळ ठेवा, काळा होत नाही. धुवून सुकवल्यावर सुमारे ८ ग्रॅम पूड मिळते. लिटरला ०.१ ग्रॅम घेऊन अल्ट्रासोनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या टाकीत) हलवली, की पाणी एकसारखं काळसर होतं.

आता रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीकाठी मी हे लोकांना करून दाखवलं त्या दुपारबद्दल. सकाळपासून काचेच्या बरणीत कण मस्त तरंगत होते. सगळ्यांसमोर त्यात खाडीचं पाणी ओतलं. दहा मिनिटांत रवाळपणा आला, शाईत रवा पडावा तसा. बरणी उन्हात धरली तर कणांचे पुंजके एकेक करून खाली उतरताना दिसत होते. अर्ध्या तासात वर नितळ पाणी, खाली काळा गाळ. एक काकू वाकून बघत म्हणाल्या, "म्हणजे तळाला काळा रंगच झाला ना शेवटी?" बरोबर होतं त्यांचं. माझ्या संपूर्ण युक्तिवादाचा पायाच त्या बरणीत बसला होता.

कारण मला पुस्तकातून माहीत होतं, तरी पेटीला लावून पाहिलं नव्हतं. कण एकमेकांना विद्युतभारानं दूर ठेवतात. जवळजवळ क्षारमुक्त पाण्यात हा धाक दहा-वीस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) किंवा जास्त पोहोचतो. समुद्राच्या पाण्यात, लिटरला ३५ ग्रॅम क्षारांत, तो ०.४ नॅनोमीटरवर येतो. शिवाय कॉपर ऑक्साइडवरचा भार साधारण ९.५ सामूला (pH, आम्लता-अल्कता मोजायचं माप) शून्य होतो आणि समुद्राचा सामू ८ च्या वर. भार आधीच कमी, त्यात मीठ. ज्या पाण्यासाठी कण हवेत, नेमक्या त्याच पाण्यात ते टिकत नाहीत.

म्हणून आता कण सुती कापडावर बसवतो. थर्माकोलच्या तुकड्यावर कापड ताणायचं, कडा पाण्यात सोडायच्या. वातीसारखं पाणी वर चढतं आणि उष्णता पृष्ठभागावरच निघते. पण कापडावर मीठ फुलतं, पांढरा थर ऊन परत फेकतो. रोज संध्याकाळी ते धुवावं लागतं. आणि दावे ऐकताना हा हिशोब लक्षात ठेवा: चौरस मीटरवर १ किलोवॅट ऊन तासभर पडलं म्हणजे ३६०० किलोज्यूल. लिटर पाण्याच्या वाफेला सुमारे २४००. म्हणजे तासाला फार तर दीड लिटर, तोही काहीच वाया गेलं नाही तर.

कापडावर काजळी बसवली तर? काळेपणात ती मागे नाही. फरक इतकाच, की काजळी पाणी झिडकारते आणि ऑक्साइड भिजतं. एवढ्यासाठी तांबं वापरावं का, यावर माझं मत दर उन्हाळ्यात थोडं हलतं. कारण तांबं पाण्यातल्या जिवांना घातक, म्हणून कापड धुतलेलं पाणी खाडीत सोडता येत नाही. होड्यांच्या तळाला लावतात त्या लाल रंगात तांब्याचंच ऑक्साइड असतं, शिंपले-काकई बसू नयेत म्हणून. ते धुवण मी बादलीत नितळू देतो, खालचा गाळ वेगळा ठेवतो, आणि अजून तो बरणीत साठतोय.