वणीच्या गडाची पायी वाट: धुळे ते झोडगे हा टप्पा दिवसा चालू नका

चैत्रात धुळ्याहून वणीच्या गडाला, सप्तशृंगीला, पायी निघणार असाल तर पहिला टप्पा रात्री बाराला सुरू करा आणि सकाळी नऊला जिथे असाल तिथे थांबा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते असं : "पहिला दिवस सोपा. सगळा सपाट हायवे, तीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडं, पावलोपावली पाणी." सांगणारे आमच्याच मंडळातले जुने पदयात्री. ते खोटं बोलत नव्हते, जुन्या रस्त्याबद्दल बोलत होते. रस्ता चौपदरी झाल्यापासून ते गडावर गाडीनेच जातात, हे मला झोडग्याला पोचल्यावर कळलं. म्हणून सांगतो, ज्याने गेल्या एक-दोन वर्षांत हा टप्पा स्वतःच्या पायांनी चालला असेल त्यालाच विचारा.

२०२५ ला रामनवमी ६ एप्रिलला होती. त्या संध्याकाळी धुळ्यातल्या देवपुरात एकवीरेचं दर्शन घेतलं आणि ७ तारखेला पहाटे साडेचारला निघालो. अठ्ठावीस माणसं, एक ध्वज आणि सामानाला एक छोटा टेम्पो. पांझरा ओलांडली, शहर मागे पडलं, अवधान गेलं आणि साडेसातला लळिंग. इथपर्यंत कुणालाही वाटेल की आपण पंढरपूरसुद्धा गाठू. लळिंगचा घाट थंडाव्यात चढून होतो, किल्ला उन्हात सोनेरी दिसतो, पोरं म्हणतात वर जाऊन येऊ. जाऊ नका. किल्ला चांगला आहे, फारुकींच्या काळापासूनचा आहे, पण त्याच्यासाठी वेगळा दिवस काढा. आम्ही किल्ला टाळला, पण चहा-पोह्यांत पाऊण तास घालवला. ती पंचेचाळीस मिनिटं दुपारी व्याजासकट फेडावी लागली.

आर्वी गेल्यावर खरा रस्ता सुरू होतो. आर्वी ते पुरमेपाडा आणि तिथून झोडगे. नकाशावर हा तुकडा बोटभर आहे. साडेअकराला डांबराचा वास यायला लागला. धुळ्याहून मालेगावकडे आपण नैर्ऋत्येला चालतो, त्यामुळे दुपारनंतर ऊन सरळ तोंडावर येतं. मागे उपरणं टाकून काही उपयोग नाही, पुढे कड असलेली टोपीच हवी. ट्रक गेला की त्याच्यामागून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ येते आणि ती झळ जायच्या आत दुसरा ट्रक. सावली म्हणाल तर रस्त्यावरच्या फलकांची. एका फलकाच्या हातभर सावलीत आम्ही पाच जण एकामागे एक उभे राहिलो.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी नवसाच्या अनवाणी चालत होत्या. वय साठीच्या पुढे. बाराच्या सुमारास बघितलं तर त्या रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालत होत्या, एका पावलापुढे दुसरं पाऊल, दोरीवर चालावं तसं. मला कळेना. मी चप्पल काढून एक पाय डांबरावर आणि एक पट्ट्यावर ठेवून पाहिला. काळ्यावर पाय टेकवत नव्हता, पांढऱ्यावर कसाबसा सोसत होता. पण तो पट्टा म्हणजे ट्रकच्या चाकापासून हातभर. मी म्हटलं, "मावशी, चप्पल घाला." त्या म्हणाल्या, "मी आईले सबद देल शे भाऊ. अनवानीच जासू." मग मी ट्रकच्या बाजूने त्यांच्याबरोबर चालत राहिलो. ओलं फडकं पायाला बांधून पाहिलं, ते पाच मिनिटांत वाळून कडक झालं. मोजेही पाहिले, घामाने चिकटले. दुपारी अनवाणी चालण्यावर उपाय एकच, न चालणं. नवस असेल तर सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर अनवाणी चाला, मधल्या वेळी बसून राहा. बसलेल्या माणसाचा नवस मोडत नाही.

दुसरी चूक मंडळाची, आणि तिचा मला अजून राग आहे. टेम्पो मुक्कामाचा स्वयंपाक लावायला आर्वीहूनच झोडग्याला पुढे निघून गेला. पाण्याचे जार त्यात, औषधांची पेटी त्यात, ओआरएसची पाकिटं त्यात. पुरमेपाड्याच्या अलीकडे आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाचं चालणं वाकडं व्हायला लागलं. हाक मारली तर भलतंच उत्तर. हात लावला तर अंग कोरडं आणि तापलेलं. घाम थांबला की वेळ उरत नाही, हे लक्षात ठेवा. त्याला रस्त्यावरून खाली एका कडुलिंबाखाली नेला, शर्ट काढला, होतं नव्हतं ते पाणी मानेवर, काखेत, डोक्यावर ओतलं आणि उपरण्यांनी वारा घातला. १०८ ला फोन लावत होतो तेवढ्यात त्याने डोळे उघडून आईचं नाव घेतलं, तरी रुग्णवाहिका बोलावलीच आणि त्याला तपासायला धुळ्याला पाठवला. तो घरी सुखरूप आहे. पण टेम्पो पुढे धाडणाऱ्यांशी मी त्या रात्री बोललो नाही.

तर टेम्पो नेहमी शेवटच्या माणसाच्या मागे ठेवा. स्वयंपाकाला उशीर झाला तर होऊ द्या. आणि तरीही प्रत्येकाच्या पिशवीत स्वतःचं दोन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं असलीच पाहिजेत. पाकिटं नसतील तर घरून पुडी बांधा : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. नुसतं पाणी घटाघटा पिऊन भागत नाही.

मुलाला गाडीत बसवल्यावर आम्ही जवळच्या एका ढाब्यावर गेलो. तिथे खाटेवर आडवं व्हायचे माणशी शंभर रुपये, जेवण वेगळं, आणि वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली तीस रुपयांना. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, यात्रेचे दिवस आहेत. यात्रेचे आहेत म्हणून तर देवाच्या वाटेवरच्या माणसाला पाणी चढ्या भावाने विकताना हात अडखळायला हवा होता. मी पैसे दिले, कारण मावशींना उभं राहवत नव्हतं. तुम्ही बसायच्या आधी भाव विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर बिल घ्या आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करा.

त्याच रस्त्याला थोडं पुढे एक आबा मोटार चालू करून शेताला पाणी देत होते. आमच्याकडे बघून त्यांनी पाइप बांधावर काढला आणि म्हणाले, "बठा ना भाऊ, पानी प्या." मी खिशात हात घातला तर, "पैसा कसाना?" साडेचारपर्यंत आम्ही तिथेच निंबाखाली पडून राहिलो. फुकट मठ्ठा आणि कलिंगड वाटणारे मंडप या वाटेवर पुष्कळ आहेत, पण ते गावांच्या तोंडाशी. मधल्या ओसाड पट्ट्यात कुणी नसतं, आणि गरज तिथेच असते.

रात्री चालायचं म्हणजे निष्काळजीपणे चालायचं नाही. एकेरी रांग, रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सगळे पाठीला वाहनं घेऊन डावीकडून चालतात, आम्हीही चाललो, आणि ते चूक आहे. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट प्रत्येकाला, पहिल्या आणि शेवटच्या माणसाकडे बॅटरी. कानात गाणी नकोत. महामार्गावर काही घडलं तर १०३३.

झोडग्याला साडेसातला पोचलो. रस्त्याजवळच माणकेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, त्या काळ्या दगडांवर अंधारात नुसता बसलो. दगड अजून कोमट होते. मावशींचे तळवे पाहिले : टाचा शाबूत, पण चवड्यांखाली दोन्हीकडे रुपयाएवढे फोड. फोडातून दोरा ओवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती करू नका, दोऱ्यावाटे घाण आत जाते. सुई ज्योतीवर धरून स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, बेटाडीन आणि पट्टी. फुटलेलाच नसेल आणि चालताना दुखत नसेल तर हातही लावू नका. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे आणि आधी शंभर किलोमीटर चाललेले. नवे बूट घालून आलेले दोघे मालेगावहून एसटीने परत गेले.

मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी हे पुढचे दिवस चांगले गेले. पहाटे दोनला उठून नऊला थांबायचो, काही त्रास झाला नाही.

नांदुरीहून गडापर्यंतचा दहा किलोमीटरचा घाटही संध्याकाळी किंवा रात्रीच चढा. ११ तारखेला आम्ही पोचलो ती चतुर्दशीची, ध्वज चढण्याची रात्र. गर्दी इतकी की पायरीवर पाय ठेवायला तास लागला. शांत दर्शन हवं असेल तर पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोचा. गुडघे गेले असतील तर पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने वर जाण्यात काही कमीपणा नाही. मावशी पायऱ्यांनीच गेल्या. अठरा हातांची आई समोर आल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत, वाकून स्वतःच्या पट्ट्या बांधलेल्या पावलांना हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला. मी मागे उभा होतो. त्या क्षणी मला कुणी धुळ्याहून पुन्हा निघ म्हटलं असतं तर निघालो असतो, फक्त रात्री बाराला.